आफ्रिकन व्हायोलेट आणि वणीचा उन्हाळा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत माझ्या खिडकीतली जांभळी फुले पाहून बऱ्याच जणांनी विचारले, "काका, हे झाड कुठे मिळते हो?" मिळायला ते मोठ्या शहरातल्या रोपवाटिकेत मिळते, कुरिअरनेही येते. पण आणलेले झाड वणीत टिकवायचे कसे, हा खरा प्रश्न आहे. आज त्यावरच बोलतो.

नाव आफ्रिकन व्हायोलेट असले तरी व्हायोलेटच्या कुळाशी याचे नाते नाही. फुलाचा रंग तसा, एवढेच. मूळ गाव आजच्या टांझानियातले उसांबारा डोंगर. तिथे जर्मन अंमल होता तेव्हा वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर नावाच्या जिल्हा अधिकाऱ्याला ते दिसले. 1892 साली त्याने ते जर्मनीत आपल्या वडिलांकडे पाठवले आणि 1893 मध्ये हेरेनहाउसेनच्या बागेचे वेंडलँड यांनी त्याला सेंटपॉलिया हे नाव दिले. आता आफ्रिका म्हटले की आपल्याला ऊन आठवते. पण हे झाड दाट जंगलाच्या सावलीत, ओलसर खडकांच्या फटीत वाढणारे. त्याला 18 ते 24 अंश तापमान मानवते. तिशी ओलांडली की कळ्या गळू लागतात. आणि आपल्याकडे नवतप्यात पारा 45 च्या आसपास!

म्हणजे हिशेब असा, की वणीत मोठे झाड ही मुदत ठेव समजायची आणि मुदत मे महिन्यात संपते असे धरून चालायचे. नूतनीकरण पानातून करायचे, तेही दरवर्षी. हे ज्याला जमले त्याचे झाड टिकले.

म्हणून विकत घेताना फुलांनी भरलेले मोठे रोप घेण्याचा मोह टाळा. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत लहान रोप घ्या, किंवा नुसती पाने मागवा. पाने स्वस्तही पडतात. रोपाचा मध्यभाग नीट बघा. तिथली कोवळी पाने आखडलेली, राखाडी दिसली तर कोळीकीड समजा. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. शेतीवाल्यांना हे सांगायला नकोच! नवे रोप महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. आणखी एक, पाकळीवर चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे असलेली जात पानातून तशीच्या तशी येत नाही. तिला बुडाशी फुटलेले पिल्लूच काढून लावावे लागते.

आता पान लावणे. अगदी बाहेरचे जून पान नको, आतले कोवळे नको. मधल्या फेरीतले घ्या. दांडा इंच-दीड इंच ठेवून ब्लेडने तिरका कापा. कोकोपीट, परलाइट, व्हर्मिक्युलाइट सारखे घेऊन ओलसर करा आणि त्यात दांडा खोचा. आपली काळी माती कापसाला सोने आहे, पण इथे उपयोगाची नाही. ती पाणी धरून बसते आणि मूळ सडते. वरून प्लास्टिकचा पारदर्शक ग्लास पालथा घाला, म्हणजे दमटपणा टिकतो. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. दोन-तीन महिन्यांत मातीतून उंदराच्या कानासारखी पिल्ले डोकावतात. ती रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी झाली की हलक्या हाताने वेगळी करा. कोजागिरीला लावलेल्या पानाची पिल्ले संक्रांतीपासून शिवरात्रीपर्यंत वेगळी होतात आणि उन्हाळा निभावला तर गणपती-दसऱ्याला फुलतात. एका पानातून तीन-चार पिल्ले सहज मिळतात. एवढे व्याज आमच्या बँकेने कधी दिले नाही.

कुंडी लहानच हवी, झाडाच्या पसाऱ्याच्या तिसऱ्या भागाइतकी. जागा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत, थेट ऊन नको. पाणी बशीत घाला, अर्ध्या तासाने उरलेले ओतून द्या. माठातले किंवा फ्रिजमधले गार पाणी पानावर पडले तर डाग उमटतात आणि ते जात नाहीत. वातीनेही पाणी देता येते, पण वात नायलॉनची हवी. कापसाच्या मुलखात बसून सांगतो, सुती वात सडते! बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. पावसाचे किंवा एसीतून ठिबकणारे पाणी उत्तम. आरओचे फेकायचे पाणी मात्र देऊ नका, त्यात क्षार उलट जास्त असतात. खत म्हणून एकोणीस-एकोणीस-एकोणीस, लिटरभर पाण्यात चिमूटभर, पंधरा दिवसांनी एकदा. आणि कोळशाची धूळ! ती काही चुकत नाही. पाने लवदार, ओल्या फडक्याने पुसली तर चिखल होतो. कोरड्या मऊ ब्रशने झटका.

आता उन्हाळ्याचे. कूलरचा झोत थेट झाडावर घेऊ नका. गरम हवा आणि ओल एकत्र आली की झाडाचा गाभा सडतो. झाड आतल्या खोलीत जमिनीलगत ठेवा, फुलांचे दांडे खुडा, पाणी कमी करा, खत बंद. एवढे करूनही गच्चीखालच्या मजल्यावर स्लॅब तापतो त्याला इलाज नाही. माझा फ्लॅट तिथेच आहे. तिथल्या झाडांना तळमजल्यावरच्या घरांत पाठवणे हाच मार्ग. गेली तीन वर्षे मी एप्रिलमध्ये माझी पिल्ले खाली चार घरांत वाटून ठेवतो. मागच्या मे महिन्यात माझ्याकडची सगळी गेली, खालच्या दोन घरांतली जगली. तुम्ही गणपतीत पाहिलेली फुले त्यातलीच, एका काकूंनी परत दिलेल्या कुंडीतली. गुलाबी जात मात्र एकाच घरात होती, ती गेली. तिचे पान आता सोसायटीत कोणाकडेच नाही.

म्हणून सचिवांना विनंती आहे, नोटीस बोर्डावर एक कागद लावू द्या. कोणाच्या घरी कोणता रंग आहे ते तिथे लिहू. एक रंग निदान तीन घरांत हवा, त्यातले एक तळमजल्यावरचे. या कोजागिरीला मी जांभळ्याची आणि पांढऱ्याची वीसेक पाने घेऊन गच्चीवर येतो. दूध पिऊन झाले की प्लास्टिकचा ग्लास फेकू नका, धुऊन घरी न्या. पानावर झाकायला तोच लागणार आहे.