अ‍ॅलर्जीची गोळी आणि आपले घर
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणिसांनी आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा फारसा विचार करावा लागला नाही. औषधांच्या दुकानात आमची चाळीस वर्षे गेली. या काळात ज्या गोळीविषयी गिऱ्हाइकाने कधी एक प्रश्नही विचारला नाही, ती म्हणजे शिंका आणि अंगावरच्या खाजेची गोळी. ‘ती पिवळी द्या, नेहमीची’ एवढे बोलणे पुरे होई. आमच्या हातून चूक घडली तीही याच गोळीच्या बाबतीत, आणि तीही स्वतःच्या घरी.

तीन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवातली ही गोष्ट. आमचे वडील बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते पुण्याहून आले होते. वय शहात्तर. पावसाळा सरत आला होता आणि रस्त्याकडेचे गाजर गवत फुलले होते. हे गवत १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नजरेस आले व पुढे देशभर पसरले; त्याचे पराग नाकात गेले की पुष्कळांना शिंका आवरत नाहीत. दादांचे तेच झाले. आम्ही सकाळी व संध्याकाळी त्यांना क्लोरफेनिरामीनची एकेक गोळी दिली. ते मात्र आपल्या पिशवीतल्या ‘सर्दीच्या’ गोळ्या आधीपासूनच घेत होते. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. त्या सर्दीच्या गोळीतही क्लोरफेनिरामीनच होते, शिवाय नाक मोकळे करणारे आणखी एक औषध. त्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीची वाढ आम्हांस ठाऊक होती. रात्री एकच्या सुमारास त्यांची लघवी पूर्ण तुंबली. पहाटेपर्यंत त्यांनी वेदना सोसल्या. मग रुग्णालयात नळी घालावी लागली. सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, ‘‘तुम्हांला हे माहीत नव्हते का?’’ माहीत होते. म्हणूनच उत्तर देता आले नाही.

हे घडले कसे, ते थोडक्यात सांगतो. परागकण, धूळ किंवा एखादा पदार्थ काहींच्या शरीरास शत्रू वाटतो. मग विशिष्ट पेशींतून हिस्टामीन नावाचे द्रव्य बाहेर पडते आणि ते शिरांवर व मज्जातंतूंवरील ठराविक जागी जाऊन बसले की नाक गळते, डोळे चुरचुरतात, अंगावर गांधी उठतात. आपली गोळी हिस्टामीनचा नाश करीत नाही. ती त्याची जागा अडवून ठेवते. म्हणूनच त्रास भरात आल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा आधी घेतलेली गोळी अधिक गुण देते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली असे पहिले द्रव्य दाखवून दिले. बोव्हे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचाही वाटा होता.

परंतु जुन्या पिढीच्या गोळ्या, म्हणजे क्लोरफेनिरामीन, फेनिरामीन, डायफेनहायड्रामीन या, हिस्टामीनची जागा अडवून थांबत नाहीत. त्या मेंदूत शिरून झोप आणतात, तोंड कोरडे करतात, शौचास व लघवीस अडथळा करतात, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला दाब वाढवतात. वृद्ध माणूस गोंधळतो, रात्री उठताना पडतो. रात्री घेतलेल्या गोळीची सुस्ती दुसऱ्या दिवशीही राहू शकते. त्या दिवशी स्कूटर चालवू नये. मद्याबरोबर तर ही गोळी कधीही घेऊ नये.

नव्या पिढीतल्या सेटिरिझीन, लोरॅटाडीन व फेक्सोफेनाडीन या गोळ्या मेंदूत फार कमी जातात. तरी सेटिरिझीनने काहींना गुंगी येतेच, तेव्हा पहिली गोळी रात्री घेऊन पाहावी. प्रौढांस दिवसातून एकदा १० मिलिग्रॅम हे नेहमीचे प्रमाण; मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते डॉक्टर कमी करतात. फेक्सोफेनाडीन फळांच्या रसाबरोबर घेतल्यास नीट शोषले जात नाही, ते साध्या पाण्याबरोबरच घ्यावे. गर्भवती स्त्रियांनी विचारल्यावाचून कोणतीच गोळी घेऊ नये. गाजर गवताला हात लागून त्वचेवर जो चट्टा उठतो त्याची जात निराळी. त्यावर या गोळीचा फारसा उपयोग नाही.

आता माताभगिनींसाठी दोन शब्द. कोकणात जाताना रात्रीच्या एस.टी.त मूल शांत झोपावे म्हणून सर्दीचे सिरप पाजण्याची चाल आमच्याही नात्यात आहे. ती सोडावी. काही मुले त्याने झोपत नाहीत, उलट चेकाळतात. मात्रा जास्त झाली तर जिवावर बेतते. क्लोरफेनिरामीन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये उत्पादकांना दिला आहे. अक्षरे बारीक असतात. चष्मा लावून वाचावी. आणि मोजण्यासाठी स्वयंपाकघरातला चमचा घेऊ नये, बाटलीबरोबर येणारे माप घ्यावे.

गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी लावणे आपल्याकडे आजही चालते. थंडावा मिळतो, आमची हरकत नाही. मात्र कोळंबी, शेंगदाणे, एखादे इंजेक्शन वा गांधीलमाशीचा दंश यांनंतर ओठ वा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला किंवा घेरी आली, तर आमसूलही नको आणि गोळीची वाट पाहणेही नको. गोळीचा गुण यायला अर्धा-एक तास लागतो, आणि बंद होणारा घसा वा उतरणारा रक्तदाब ती सावरू शकत नाही. तेथे मांडीत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाच उपाय. १०८ क्रमांकावर फोन करावा. रोग्यास आडवे निजवून पाय उंच ठेवावे, श्वासास त्रास असेल तर बसवावे, पण उठून चालू देऊ नये.

दादा आता बरे आहेत. गेल्या गणपतीत ते आले, तेव्हा आम्ही न विचारता त्यांनी पिशवीतली सर्व पाकिटे सतरंजीवर ओळीने मांडली आणि आम्ही प्रत्येकाच्या मागची औषधांची नावे मोठ्याने वाचली. त्यात सर्दीची ती गोळी पुन्हा निघालीच. कोणी शेजाऱ्याने दिली होती म्हणे.