पडद्यावरील वेष आणि स्त्रीचे वय

पूर्णेहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चुडावा हे एक लहानसे स्थानक आहे. परभणी जिल्ह्यातील या गावच्या स्त्रीला लग्नकार्याचे वस्त्र घ्यावयाचे झाले म्हणजे गाडी पकडून मोठ्या गावची पेठ गाठणे आले. दुकानाच्या गादीवर बसावयाचे, पोत बोटांनी चोळून पाहावयाचा, पदर उजेडात धरावयाचा आणि मग भावाची घासाघीस करावयाची, अशी ती रीत. सन 2008 मध्ये चोवीस तास विक्री करणारी होमशॉप18 ही दूरचित्रवाणी वाहिनी भारतात सुरू झाली. तिच्या मागोमाग अशा इतर वाहिन्या आल्या आणि दुकानच माजघरात येऊन बसले. एकाच घरातील आजी, सून आणि नात एकाच पडद्यावर एकच साडी पाहू लागल्या. तेव्हापासून घरोघर एक वाद ऐकू येतो : ही नवी तऱ्हा कोणत्या वयाला शोभते आणि कोणत्या वयाला शोभत नाही?

या वादात ‘शोभणे’ हा शब्दच घोटाळ्याचा आहे. त्यात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. वस्त्र दिसते कसे, हा पहिला. ते अंगाला सोसते काय, हा दुसरा. आणि लोक ते नेसू देतात काय, हा तिसरा.

प्रथम दिसण्याचा विचार करू. पडद्यावरील तरुणी बहुधा उंच व सडपातळ असते. तिच्या निऱ्या टाचणीने बसविलेल्या असतात, सैल वस्त्र पाठीमागून चिमटून धरलेले असते आणि प्रखर दिव्यांमुळे रंगाची छटाही पालटते. वयाबरोबर शरीराची ठेवण बदलते. खांदे पुढे येतात, पाठीला किंचित बाक येतो, कंबर भरते, उंचीही थोडी घटते. म्हणून तयार पोलके विशीतल्या मुलीला बसते आणि साठीच्या बाईला पाठीत ताणते. परंतु हा दोष वयाचा नव्हे, बेतण्याचा आहे. ठेंगण्या किंवा स्थूल तरुणीलाही तेच पोलके तितकेच अडचणीचे होते. शिंप्याने माप घेऊन शिवलेले साधे वस्त्र कोणत्याही वयाला खुलते, याचे मर्म हेच.

दुसरा प्रश्न सोसण्याचा, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. पडद्यावर पोत दिसत नाही. तेथे रेशमासारखी चमकणारी स्वस्त साडी पुष्कळदा पॉलिएस्टरची असते. कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्का. मराठवाड्यातील वैशाखाच्या उन्हात या दोन आकड्यांमधील अंतर अंगावर जाणवते. ऋतुनिवृत्तीच्या काळात ज्या स्त्रीला एकाएकी अंगाची लाही झाल्यासारखे वाटते, तिला असे वस्त्र शिक्षाच होय. वृद्धेची त्वचा पातळ झालेली असते, उष्मा सोसण्याची शक्तीही कमी झालेली असते. शिवाय पॉलिएस्टरला आच लागली की ते वितळून कातडीला चिकटते. चुलीपुढे वावरणाऱ्या प्रत्येकीने, मग ती सून असो की सासू, हे ध्यानात ठेवावे. येथे मात्र वयाचा विचार खरोखरच करावयास हवा. कापूस पिकविणाऱ्या मुलखात सुती वस्त्राची महती परक्याने सांगावी, असे होऊ नये.

तिसरा प्रश्न लोकांच्या संमतीचा. नव्या नवरीला हिरवा रंग, संक्रांतीला काळी चंद्रकळा, वय उतरले की फिके रंग, आणि पती निवर्तल्यावर तर बहुतेक रंगांना बंदी, अशी व्यवस्था महाराष्ट्रातील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. यातील सणाचा भाग हौसेचा आहे. पण बंदीचा भाग क्रौर्याचा आहे. सन 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड येथील ग्रामसभेने विधवांवरील अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो इतर गावांपुढे उदाहरण म्हणून ठेवला. ज्या स्त्रीला दुकानात ‘आजी, हा रंग आता तुम्हाला कशाला?’ असे ऐकावे लागते, तिला पडदा तिचे वय विचारीत नाही, कपाळही पाहात नाही. विक्रीवाहिन्यांच्या पदरात एवढे पुण्य घालावेच लागेल.

‘हे आपले नव्हे’ हा आक्षेपही जपून घ्यावा. नऊवारी लुगड्याचा कासोटा घालून स्त्रिया शेतात राबल्या. पुढे पाचवारी साडी आली तेव्हा तीही जुन्यांना नवखीच वाटली. आज तीच परंपरा म्हणून मिरविते. तेव्हा नवेपणा हा काही दोष नव्हे.

खरा दोष आहे तो घाईचा. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटे धावत असते, ‘थोडेच नग शिल्लक’ अशी हाकाटी चालते आणि एका साडीची गरज असता पाच साड्यांचा संच घरी येतो. त्यांतील दोन नेसल्या जातात. उरलेल्या तीन आहेरासाठी ट्रंकेच्या तळाशी पडतात. मग स्वस्ताई कोठे राहिली? मागणी नोंदविण्यापूर्वी धागा कोणता, लांबी किती, पोलक्याचे कापड वेगळे आहे काय आणि परत घेण्याच्या अटी कोणत्या, हे चार प्रश्न विचारले पाहिजेत. फसवणूक झाली तरी हात बांधलेले नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे चुडाव्याच्या बाईला विक्रेत्याच्या शहरी खेटे घालण्याचे कारण नाही. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यही मिळते.

तात्पर्य, कोणतीही तऱ्हा अमुक वयाची मालमत्ता नाही. नातीने आजीची सुती साडी नेसावी, आजीने आवडल्यास गुलाबी रंग ल्यावा. त्यात कोणाचे काही बिघडत नाही. मात्र वस्त्र अंगाच्या मापाचे, ऋतूला मानवणारे आणि कामाला सोयीचे असावे. या तीन गोष्टी जिची तिलाच ठाऊक असतात. पडद्यावरील तरुणीला त्या ठाऊक नसतात, आणि शेजारणीलाही नसतात.