टॉरन्ट : पुराच्या पोटातील तहान



इंग्रजी ‘टॉरन्ट’ला मराठी प्रतिशब्द विचारला, तर पाच जाणकार पाच शब्द सांगतील : लोंढा, लोट, ओघ, पूर, प्रपात. यांतील ‘प्रपात’ सरळच बाद करावा, कारण त्याला कडा लागतो. ‘ओघ’ आता फार सौम्य झाला आहे. देणग्यांचाही ओघ येतो, निदान ग्रंथालये तशी आशा बाळगतात.

हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमार्फत, इ. स. १६०० च्या सुमारास. त्याचे मूळ लॅटिन ‘तोरेरे’, म्हणजे वाळवणे, भाजणे. न्याहारीचा ‘टोस्ट’ त्याच कुळातला. मग भाजणारा शब्द पाण्याला कसा चिकटला? सातव्या शतकातील सेव्हिलचा इसिडोर सांगतो की, जो प्रवाह पावसाने फुगतो आणि उन्हाने सुकतो, तो ‘तोरेन्स’. अर्वाचीन कोशकार मात्र उकळत्या पाण्याच्या खळखळाटाकडे बोट दाखवतात. त्यांचे मत अधिक ग्राह्य. इसिडोरचे अधिक मोहक.

याच मुळाशी संस्कृत ‘तृष्’ धातू जोडलेला आहे. ‘तृष्णा’, प्राकृत ‘तण्हा’ आणि आपली ‘तहान’ ही त्याची लेकरे. इंग्रजी ‘थर्स्ट’ हे त्यांचे दूरचे भावंड. हे केवळ ध्वनिसाम्याचे खेळ नव्हेत. ‘र्स’चा ‘र्र’ होणे हा लॅटिनचा नेहमीचा नियम आहे. आपला ‘पूर’ मात्र ‘पॄ’ म्हणजे भरणे यापासून आलेला. तो भरलेले पात्र पाहतो, कोरडे नव्हे.

बडोदेकरांना हे नाते कोशातून शिकण्याची गरज नाही. शहराची तहान भागवण्यासाठी सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८९२ मध्ये, आजवा तलाव पुरा झाला. पावसाळ्यात त्याच तलावाचे जादा पाणी विश्वामित्रीत उतरते. ऑगस्ट २०२४ मध्ये २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी ३५ फुटांच्याही वर गेली, आणि मगरी वस्तीत शिरल्या. घरात कमरेइतके पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही पूरग्रस्ताची अवस्था ‘तोरेन्स’चे दोन्ही अर्थ एकदम भोगते.

महाराजांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा कोश सिद्ध झाला. असे प्रतिशब्द जुळवणाऱ्याची अडचण इथे ध्यानात येते. ‘टॉरन्ट’ला ‘लोंढा’ हाच शब्द द्यावा. त्यात अकस्मातपणा आहे, गढूळपणा आहे, वाटेतले ओढून नेणे आहे. तहान तेवढी त्यात येत नाही.