मोटारीच्या काचेचें यंत्र

आषाढ महिना, कोंकणांतील पाऊस, आणि मोटारीच्या दाराची काच खालीं जाऊन पुन्हां वर येण्याचें नांव घेत नाहीं, हा प्रसंग तसा लहानच. परंतु तो ज्याच्यावर येतो त्यास तो लहान वाटत नाहीं. रत्नागिरीकडील अशा एका कुटुंबाचें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांसमोर आणावें. घरांतील वृद्ध आजींना मंगळवारीं व शुक्रवारीं डायलिसिससाठीं शहरांतील रुग्णालयांत न्यावें लागे. मंगळवारीं परततांना काच बसली. गॅरेजवाल्यानें आठ दिवसांचा वायदा केला, आणि शुक्रवारची खेप तर चुकवितां येण्यासारखी नव्हती. तेव्हां घरच्या कर्त्या गृहस्थांनीं व त्यांच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें तें काम घरींच करण्याचें ठरविलें. तें कसें करावें, आणि त्या दोघांचें कोठें चुकलें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

काच वर-खालीं करणाऱ्या यंत्रास कारागीर रेग्युलेटर म्हणतात. पूर्वीं तें दारावरील हँडल हातानें फिरवून चालवीत. १९४० सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें आपल्या उंची गाड्यांत बटणानें हलणाऱ्या काचा आणल्या. त्या वेळीं विजेच्या पंपानें तेलावर दाब आणून काच उचलीत असत. आज प्रत्येक दारांत स्वतंत्र, लहानशी विजेची मोटर असते. तिच्या आंसावर मळसूत्र असतें व तें एका दांतेरी चाकास फिरवितें. मळसूत्र चाकास फिरवूं शकतें, परंतु चाक मळसूत्रास फिरवूं शकत नाहीं. म्हणूनच वीज बंद असली तरी काच आपल्या वजनानें घसरत नाहीं.

यापुढील रचना मुख्यतः दोन प्रकारची. एकींत कात्रीसारखे पोलादी बाहू काच उचलून धरतात. दुसरी विहिरीवरील रहाटासारखी. मोटर हा रहाट, पोलादी तार हा दोर, आणि काच हा पोहरा. तार कप्प्यांवरून जाते व उभ्या पट्टीवर सरकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पकडीस ओढते. या पकडींत काच बसविलेली असते. वर्षानुवर्षें ऊन खाऊन प्लॅस्टिक ठिसूळ होतें, तारेचे तंतु एकेक तुटतात, आणि एके दिवशीं काच दाराच्या पोटांत जाऊन बसते.

नवा भाग आणण्यापूर्वीं दुखणें ओळखावें, आणि तें बहुधा कानानेंच ओळखतां येतें. बटण दाबल्यावर कांहींच आवाज आला नाहीं, तर फ्यूज, बटण, किंवा बिजागरीपाशीं वारंवार वांकून तुटणारी वायर यांकडे प्रथम पाहावें. बटण दाबतांच गाडींतील दिवा किंचित् मंद होत असेल, तर वीज मोटरपर्यंत पोहोंचत आहे, परंतु मोटर अडली आहे, असें समजावें. मोटर गुणगुणते, करकर ऐकूं येते आणि काच मात्र हलत नाहीं, तर तार किंवा पकड तुटली. काच नुसती अडखळत, सावकाश चढत असेल, तर रेग्युलेटर कदाचित् निर्दोष असून रबरी खोबणींत धूळ सांचली असेल. ती पुसून सिलिकोनचा फवारा मारला कीं पुष्कळदां काम भागतें. साधें खनिज तेल मात्र रबरास लावूं नये, त्यानें रबर फुगतें. वरील कुटुंबाच्या गाडींत करकर स्पष्ट होती. म्हणून त्यांनीं त्याच नमुन्याच्या गाडीचा, पुढच्या डाव्या दाराचा रेग्युलेटर मागवून घेतला. डावा व उजवा भाग एकमेकांच्या जागीं बसत नाहीं, हें मागणी करतांना ध्यानांत ठेवावें.

कामास आरंभ करण्यापूर्वीं गाडी बंद करून बॅटरीचें ऋण टोक सोडावें. कांहीं गाड्यांच्या दारांत अपघाताच्या वेळीं एअरबॅगला सूचना देणारें साधन असतें. तेथें गाडीच्या पुस्तकांत सांगितलेला अवधि जाऊं द्यावा, आणि तें साधन सुटलेलें असतांना गाडी चालू करूं नये. हातांत जाड मोजे असावेत, कारण दाराच्या आंतील पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात. नंतर दाराचें आंतील आवरण, ज्यास कारागीर डोअर पॅड म्हणतात, तें काढावें. त्याचे स्क्रू हात धरण्याच्या खांचेंत व लहान झांकणांखालीं लपलेले असतात. ते सर्व निघाल्यावांचून ओढाताण करूं नये. मग प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीनें कडेच्या क्लिपा सोडवून आवरण वर उचलावें आणि बटणांच्या वायरी व कुलुपाची तार हलकेंच अलग करावी.

आवरणामागें एक पातळ पडदा चिकट पट्टीनें दारास चिकटविलेला असतो. येथेंच त्या गृहस्थांचें चुकलें.

“हा बांधणीचा कागद दिसतो. कारखान्यांत काढावयाचा राहिला असेल,” ते म्हणाले.

“बाबा, इतका कडेकडेनें चिकटवलेला आहे, तो उगाच कसा असेल?” मुलानें विचारलें.

परंतु तोंपर्यंत पडदा टराटरा फाटून अंगणांत पडला होता.

पुढचें काम मात्र दोघांनीं सांभाळून केलें. पत्र्यांतील भोकांतून काच व पकड यांचे दोन बोल्ट दिसतील अशा उंचीवर काच आणावी लागते. दुसऱ्या माणसानें ती दोन्ही तळव्यांनीं धरावी, बोल्ट सोडावे, आणि काच पूर्ण वर चढवून दाराच्या चौकटीवरून आंतून-बाहेरून रुंद चिकटपट्टीनें पक्की करावी. ही काच कडक केलेली असते. मध्यें ती पुष्कळ सोसते, परंतु कडेवर टणक वस्तूचा घाव बसला तर क्षणांत तिचे दाणे होतात. त्यानंतर रेग्युलेटरचे नट काढून मोटरची वायर सोडवावी व तो दुमडून भोकांतून बाहेर घ्यावा.

कात्रीच्या रचनेंत एक धोका आहे. पुष्कळ यंत्रांत काचेचें वजन तोलण्यासाठीं ताणलेली स्प्रिंग असते. मोटर सोडतांच तिला आवरणारें कांहीं उरत नाहीं आणि बाहू इतक्या जोरानें फिरतात कीं बोटाचें हाड मोडावें. म्हणून दांतेरी पट्टी बोल्टनें जखडल्यावांचून मोटरला हात लावूं नये. तें जमत नसेल तर मोटरसह तयार मिळणारा पूर्ण भाग बसवावा, किंवा काम कारागिराकडे सोंपवावें. त्यांत कमीपणा नाहीं.

नवा रेग्युलेटर बसवितांना नट प्रथम सैल ठेवावे. काच पकडींत बसवून ती पूर्ण वर न्यावी, म्हणजे ती आपल्या खोबणींत सरळ बसते. मगच नट आवळावे. बॅटरी जोडून, आवरण लावण्यापूर्वींच काच चार वेळां वर-खालीं करून पाहावी, म्हणजे चूक राहिली असल्यास पुन्हां सर्व उकलावें लागत नाहीं.

बुधवारीं संध्याकाळीं काच सुरेख चढली. रात्रभर पाऊस कोसळला, आणि गुरुवारीं सकाळीं गाडीचें दार उघडतांच ओल्या गालिच्याचा वास आला. काच तर बंद होती. मग पाणी आलें कोठून? मुलानें बाहेरून काचेवर तांब्याभर पाणी ओतलें आणि आंत वांकून पाहिलें. पाणी काचेवरून ओघळून दाराच्या पोटांत उतरत होतें. तें तेथें उतरणें दोषाचें नाहीं. दाराच्या तळाशीं त्यासाठींच छिद्रें ठेवलेलीं असतात. परंतु त्या पाण्यास गाडीच्या आंत येऊं न देतां छिद्रांकडे वळविणारा पहारेकरी म्हणजे तो फाटलेला पडदा.

गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं फाटके तुकडे जुळवून त्यांच्या मापानें जाड पॉलिथीन कापलें, ब्यूटिल रबराची चिकट पट्टी आणून तें कडेकडेनें चिकटविलें, खालची कड दाराच्या आंत सोडली, आणि मातीनें बुजलेलीं छिद्रें काडीनें मोकळीं केलीं.

एक परीक्षा अद्याप उरली होती. बटण एकदां ओढतांच आपोआप चढणाऱ्या काचेस अडथळा लागल्यास ती उलट फिरावी, अशी योजना असते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें तिनें १०० न्यूटन, म्हणजे सुमारें दहा किलोंच्या भाराइतका, दाब पडण्यापूर्वींच मागें फिरलें पाहिजे. पण बॅटरी सुटल्यावर किंवा यंत्र बदलल्यावर काचेचीं टोकें कोठें आहेत याचा पुष्कळ गाड्यांना विसर पडतो, आणि बटण कांहीं वेळ दाबून व ओढून धरून तीं पुन्हां शिकवावीं लागतात. त्याची रीत गाडीच्या पुस्तकांत दिलेली असते. ही परीक्षा हातानें कधींही करूं नये. मुलानें वर्तमानपत्राची गुंडाळी काचेच्या वाटेंत धरली. काच तिला टेकली आणि खालीं आली. जेथें अशी योजना नाहीं, तेथें मुलें गाडींत असतांना मागच्या काचांचीं बटणें बंद ठेवणें हाच उपाय.

शुक्रवारीं पावसानें उसंत दिली नाहीं. आजी नेहमींप्रमाणें पुढच्या डाव्या बाजूस बसल्या. रुग्णालयाशीं उतरतांना त्यांनीं लुगड्याचा कांठ चाचपून पाहिला. तो कोरडा होता.