तीन रुपये चौदा आणे

कुणी हे दिंडीच्या मुक्कामी वाचत असेल, कुणी घरी देवापुढं. वाचताय असं समजू नका, समोर बसून ऐकताय असं समजा. आज आख्यान शिर्डीच्या साईबाबांचं आहे, पण घडलं ते आपल्या नांदेडात.

बाबांवरून वाद काय आजचे आहेत का? देहात होते तेव्हापासूनचे आहेत. राहायचे मशिदीत, आणि तिला म्हणायचे द्वारकामाई. तोंडात ‘अल्ला मालिक’, आणि शिर्डीत रामनवमीचा उत्सव. हिंदूंना वाटायचं, हा मुसलमान. मुसलमानांना वाटायचं, लोक याला गंध लावतात, आरती ओवाळतात, हा कसला फकीर? १५ ऑक्टोबर १९१८, विजयादशमी. बाबांनी देह ठेवला. तर तो देह कुठं ठेवायचा, यावरही दोन तट पडले! पुढं २०१४ साली शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती म्हणाले, साईंची देव म्हणून पूजा करू नका. २०२० च्या जानेवारीत आपल्या परभणी जिल्ह्यातलं पाथरी हे त्यांचं जन्मगाव, या गोष्टीवरून शिर्डी बंद राहिली. म्हणजे बघा, शंभर वर्षं झाली तरी प्रश्न तोच. हा आमचा की तुमचा?

आता बाबांचा हिशेब ऐका.

दासगणू महाराज तुम्हाला ठाऊक आहेत. मूळचे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. पोलिसात शिपाई होते, लावण्या रचायचे, तमाशाचा नाद. नानासाहेब चांदोरकरांबरोबर शिर्डीला गेले आणि जन्माची दिशाच फिरली. नोकरी सुटली, हाती चिपळ्या आल्या. एकदा कीर्तनाला अंगरखा-फेटा घालून निघाले, तर बाबांनी विचारलं, नवरदेवासारखा सजून कुठं चाललास? तेव्हापासून उघड्या अंगानं, गळ्यात हार घालून कीर्तन केलं. हेच महाराज पुढं नांदेडकडं राहिले. उमरीजवळच्या गोरट्याला आजही त्यांचं स्थान आहे.

त्यांच्या ओळखीचे नांदेडचे एक पारशी गृहस्थ, रतनजी शापुरजी वाडिया. गिरणीचे ठेकेदार, व्यापारी. पैसा भरपूर, दानधर्मही मोठा. पण पोटी मुलगा नाही, हे एक दुःख. दासगणू म्हणाले, शिर्डीला जा. रतनजी गेले. हार घातला, फळं ठेवली. बाबांनी पाच रुपये दक्षिणा मागितली आणि लगेच म्हणाले, त्यातले तीन रुपये चौदा आणे मला आधीच पोचलेत, राहिलेले तेवढे दे.

रतनजींनी एक रुपया दोन आणे दिले खरे, पण डोकं चक्रावलं. आयुष्यात पहिल्यांदा शिर्डीला आलोय, कुणाच्या हाती कधी पै पाठवली नाही. मग पोचले कसे?

नांदेडला परत आल्यावर दासगणूंना सांगितलं. दासगणू विचारात पडले. मग आठवलं. शिर्डीला निघायच्या आधी रतनजींच्या घरी मौलीसाहेब आले होते. कोण हे मौलीसाहेब? नांदेडातले मुसलमान साधू, आणि पोटासाठी काम काय, तर हमाली! पाठीवर पोती वाहणारा माणूस. रतनजींनी त्यांना प्रेमानं बसवून पाहुणचार केला होता. दासगणूंनी त्या दिवशीच्या खर्चाची यादी मागवली, बेरीज केली. तीन रुपये चौदा आणे! पै कमी नाही, पै जास्त नाही. पुढं रतनजींच्या घरी पाळणा हलला.

आता सांगा माउली, जेवण घालणारा पारशी, जेवणारा मुसलमान हमाल, वाट दाखवणारा ब्राह्मण कीर्तनकार, आणि रक्कम जमा झाली कुठं? शिर्डीला! ज्यांनी मौलीसाहेबांचं जेवण स्वतःच्या खात्यावर धरलं, त्यांना आपण विचारतोय, तुम्ही कुणाचे?

आता माझीच गोष्ट सांगतो, लपवत नाही. हेच आख्यान घेऊन मी लातूरला गेलो होतो. गंजगोलाईपाशी उतरलो. बरोबर पेटी, तबला, कपड्यांची ट्रंक. एका म्हाताऱ्या हमालानं सगळं उचललं, मुक्कामाच्या दारापर्यंत आणलं. ठरल्यापेक्षा दहा रुपये जास्त मागितले, म्हणाला, जिने दोन चढलो महाराज. मी दिले नाहीत. चारचौघांत सुनावलं वर. तो काही बोलला नाही. उपरण्यानं घाम पुसला आणि गेला.

रात्री कीर्तनाला उभा राहिलो. ‘मौलीसाहेब हमाली करायचे’ एवढं बोललो, आणि माउली, पुढचा शब्द फुटेना. टाळकऱ्यांना वाटलं, महाराजांना भाव दाटून आला. भाव कसला? लाज होती ती. सकाळी गंजगोलाईत तासभर फिरलो. तो सापडला नाही. नाव विचारलं नव्हतं, जात विचारली नव्हती, आणि पाणीही विचारलं नव्हतं.

म्हणून हात जोडून सांगतो. शिर्डीला जा, पाथरीला जा, पंढरीला जा. दानपेटीत टाकायचं ते टाका. पण घरून निघण्याआधी दारात कोण उभा आहे, तेवढं बघा. तुमच्यातले तीन रुपये चौदा आणे तिथं द्यायचे असतात. देवाला ते तिथंच पोचतात. माझे दहा रुपये मात्र अजून येणेबाकी आहेत.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!