युद्ध पुकारायचे कोणी?
(अकलूज येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



युद्धाचा अधिकार कायद्याने बांधता येतो काय, ह्या प्रश्नाची एक मोठी परीक्षा मराठी मुलखातच झाली. १७७३ च्या नियामक कायद्याने मुंबईकर इंग्रजांना कलकत्त्याच्या संमतीवाचून युद्ध वा तह करण्यास मनाई केली होती. अपवाद तातडीच्या निकडीचा किंवा कंपनीच्या खास हुकुमाचा. तरीही ६ मार्च १७७५ रोजी त्यांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला आणि पुण्याच्या कारभाऱ्यांविरुद्ध फौज धाडली. कलकत्त्याने तह अमान्य करून कर्नल अप्टन यास पाठविले. १७७६ साली पुरंदरचा तह झाला. परंतु लंडनच्या संचालकांना सुरतेचा तहच गोड वाटला! युद्ध पुन्हा पेटले, ते १७८२ साली सालबाईला थांबले. कायदा धाब्यावर बसवणाऱ्यांच्या पदरात साष्टी कायम राहिली. १७८४ च्या कायद्याने तर राज्यविस्तार हा ब्रिटिश राष्ट्राच्या इभ्रतीस विरोधी ठरविला. पुढे १८०३ आणि १८१७ उजाडलेच.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कायदेमंडळास न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे बाहेर पडली.

मग स्वतंत्र भारताने काय केले? ‘युद्ध व शांतता’ हा विषय संघसूचीत घातला, सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आणि राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधले. संसदेची पूर्वसंमती कोठेही आवश्यक केली नाही. युद्धामुळे आणीबाणी पुकारली, तर ४४ व्या घटनादुरुस्तीनुसार एका महिन्यात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मान्यता लागते. जवानांना परमुलखात मरावयास पाठविण्यासाठी मात्र साध्या बहुमताचीही अट नाही. १९८७ साली श्रीलंकेत शांतिसेना गेली, ती करारावरील सहीने. तेथे हजारावर जवान कामी आले. खर्चाला संसदेची मंजुरी लागते हे खरे, पण सैन्य रणात असताना पुरवणी मागणी कोण फेटाळणार?

अमेरिकेत युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसकडे असूनही व्हिएतनाम घडले. म्हणूनच १९७३ साली निक्सन यांचा नकाराधिकार डावलून साठ दिवसांची मर्यादा घालणारा कायदा झाला. तोही पुष्कळदा वाकविला गेला आहे. तरी निदान जाब विचारावयास काही आधार राहतो.

सीमेवर हल्ला झाल्यास सरकारने तत्क्षणी प्रतिकार करावा. त्याबद्दल वाद नाही. परंतु देशाबाहेर लढावयास सैन्य पाठविले, तर तीस दिवसांत लोकसभेची नोंदविलेल्या मतदानाने मान्यता घेतली पाहिजे आणि ती न मिळाल्यास सैन्य परत आणले पाहिजे. अनुच्छेद ५३ सर्वोच्च आधिपत्याचा वापर कायद्याने नियमित करण्यास सांगतो. म्हणजे घटनेत फेरफार न करताही असे विधेयक संसदेत मांडता येईल.