फटाक्यांचा कायदा आणि आपली वस्ती

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मंडळाने आम्हांला फटाक्यांच्या नियमांवर बोलावयास सांगितले, तेव्हा काहींनी हसून विचारले, यात भाषण करण्यासारखे काय आहे? दिवाळी आली की वाजतात, गेली की थांबतात. आम्हांला मात्र ते थांबलेले दिसत नाहीत. लग्नाची वरात, निवडणुकीचा निकाल, क्रिकेटचा सामना, एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस, सर्वत्र फटाका आहे. ज्या घरात दम्याचा रोगी आहे किंवा आठ दिवसांचे बाळ आहे, त्या घराला विचारून कोणी वात पेटवीत नाही.

योगायोग असा की या विषयातील दोन मोठ्या संस्था आपल्याच नागपुरात आहेत. स्फोटक पदार्थांचे परवाने व सुरक्षितता पाहणाऱ्या केंद्राच्या 'पेसो' या संघटनेचे मुख्यालय येथे आहे. आणि कमी धुराचे, ज्यांना 'हिरवे फटाके' म्हणतात, ते तयार करण्यात पुढाकार घेणारी 'नीरी'ही येथलीच. (या हिरव्या फटाक्याला बेरियम वर्ज्य आहे, आणि आतषबाजीत हिरवा रंग येतो तो नेमका बेरियममुळे! असो.) त्यातून धूलिकण साधारण ३० टक्क्यांनी कमी होतात असे नीरी सांगते. म्हणजे उरलेला धूर आपल्या छातीत जातोच.

परंतु मुख्यालय शहरात असले म्हणून नियम गल्लीत पोहोचतो असे नाही. दिवाळीच्या तात्पुरत्या दुकानाचा परवाना जिल्हा प्रशासन देते, आणि जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे पोलीस. २००८ च्या स्फोटक नियमांत या दुकानांविषयी अगदी स्पष्ट लिहिलेले आहे. शेड न जळणाऱ्या साहित्याची हवी. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर, आणि कोणत्याही 'संरक्षित वास्तू'पासून ५० मीटर. दुकाने समोरासमोर नकोत. उघड्या ज्योतीचा दिवा जवळ नको. एका ठिकाणी ५० पेक्षा अधिक दुकाने नकोत. 'संरक्षित वास्तू' हा शब्द ऐकून किल्ला किंवा जुने देऊळ डोळ्यांसमोर येते. कायद्यात त्याचा अर्थ तसा नाही. माणसे जेथे राहतात, काम करतात, जमतात, ते घर, ती शाळा, तो दवाखाना, हे सर्व त्यात येते. आपली टिनाची खोलीसुद्धा येते. ५० मीटर मोजावयास इंजिनिअर लागत नाही, सुताराकडचा टेप पुरतो.

आता आवाजाचे पाहू. १९९९ साली ठरलेली मर्यादा अशी की फटाका फुटतो तेथून ४ मीटरवर आवाज १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. लडीतील प्रत्येक फटाक्याला याहूनही कमी मर्यादा आहे. एक हजाराची लड असेल तर ती १५ डेसिबलने उतरते. पुढे २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लडींनाच मनाई केली, दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरविली, आणि बंदी मोडली गेली तर त्या हद्दीतील ठाणेदार व्यक्तिशः जबाबदार राहील असे म्हटले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील बंदी तर २००५ च्या निकालातच आहे. इतके असूनही आपण रात्री एक वाजता दचकून उठतो.

केवळ आदेश काढून काय होते, याचे फार दुःखद उदाहरण केरळात आहे. कोल्लम जिल्ह्यातील परवूर येथील पुट्टिंगल देवळात स्पर्धेची आतषबाजी होत असे. शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी घराला इजा होते म्हणून तक्रार केली होती. २०१६ साली जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारली. नकार कागदावर राहिला, आतषबाजी झाली, आणि १० एप्रिलच्या पहाटे दारूच्या साठ्याने पेट घेतला. शंभराहून अधिक माणसे गेली. त्या बाईंची तक्रार बरोबर होती, अधिकाऱ्याचा आदेशही बरोबर होता. मैदानात जाऊन वात विझविणारा मात्र कोणी निघाला नाही.

आणि जे फटाके बनवितात त्यांचे काय? ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे केकवर लावावयाच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्याला आग लागली. मेलेल्यांत बहुतेक मजूर स्त्रिया होत्या. कारखान्याला परवानगी नव्हती असे नंतर सांगण्यात आले. नंतर! वाढदिवसाची ती लहानशी कांडी आपल्यापैकी किती जणांना स्फोटक वाटते? एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये काय चालते हे अधिकाऱ्याआधी शेजाऱ्याला कळते, कारण कामाला जाणाऱ्या बाया त्याच्याच वस्तीतल्या असतात.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. १३ एप्रिलच्या रात्री बाराच्या ठोक्याला फटाके वाजवून बाबासाहेबांना अभिवादन करण्याची प्रथा आपल्याकडे पडली आहे. त्यामागील उत्साह आम्ही जाणतो. परंतु ती वेळ बंदीच्या वेळेत येते, आणि ज्यांनी देशाला संविधान दिले त्यांच्याच जयंतीला कायद्याची वेळ मोडावी हे आम्हांला पटत नाही. तरुण विचारतात, "काका, दुसरे वाजवितात तेव्हा कोणी अडवीत नाही, आपल्यालाच का?" हा प्रश्न खोटा नाही. नियम सर्वांना सारखा लागत नाही, हा आपला जुना अनुभव आहे. पण उद्या लग्नाच्या वरातीविरुद्ध आपण तक्रार घेऊन गेलो, तर पहिला सवाल आपल्या मिरवणुकीविषयीच होईल. तेव्हा या वर्षी रात्री बारा वाजता मेणबत्त्या, आणि ज्यांना फटाके वाजवावयाचेच आहेत त्यांनी दिवसा, मोकळ्या मैदानावर, लड सोडून वाजवावेत, अशी सूचना आम्ही मंडळापुढे ठेवतो. मतभेद असतील तर येथेच बोलावे.

दुसरे, तक्रार तोंडी करू नये. चौकीत तोंडी सांगितले की "बघतो" एवढेच उत्तर मिळते. लेखी द्यावे, दिनांक व वेळ घालावी, आणि पोच घ्यावी. शाळेच्या भिंतीलगत दुकाने लागतात त्याविषयीचा अर्ज दिवाळीच्या महिनाभर आधी गेला पाहिजे, दुकाने उभी राहिल्यावर नव्हे. भिंतीपासूनचे अंतर महिला मंडळाच्या भगिनींनी मोजून दिले आहे आणि अर्जाचा मसुदा तयार आहे. सभा संपल्यावर ज्यांना सही करावयाची असेल त्यांनी वाचनालयाच्या टेबलापाशी यावे. अंगठाही चालेल.